जीएसटीचा दर बदलला की कोड का उघडावा लागतो?

22 सप्टेंबर 2025 पासून हॉटेलच्या दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. ज्या सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा बुकिंग, बिल, परतावा आणि रिटर्न अशा चार ठिकाणी कोडमध्येच लिहिलेला होता, तिथे चारही जागा शोधणे आले. एक जरी सुटली तर बिल आणि रिटर्नचा मेळ बसत नाही.

म्हणून दर कोडबाहेर, तक्त्यात ठेवावा. पण जुन्या ओळीतल्या 12 वर 5 लिहिणे ही मोठी चूक. ऑगस्टच्या बिलाची क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणारा कागद, ऑक्टोबरमध्ये काढली, तरी तिला मूळ बिलाचाच दर लागतो. जुनी ओळ तशीच ठेवून तिला ‘21 सप्टेंबरपर्यंत’ आणि नवीला ‘22 सप्टेंबरपासून’ अशी तारीख द्यावी.

आता कोणती तारीख धरायची? खरा नियम इथे आहे. सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) कायद्याच्या कलम 14 प्रमाणे सेवा, बिल आणि पैसे या तिन्हींच्या तारखा पाहतात; यांतल्या किमान दोन दरबदलाच्या ज्या बाजूला, आधी की नंतर, पडतील त्या बाजूचा दर. बिल व पैसे 20 तारखेला, मुक्काम 25 ला: 12 टक्के. पैसे 20 ला, मुक्काम 25 ला, बिल 27 ला: 5 टक्के. हेच एकात एक घातलेल्या ‘जर-तर’मध्ये लिहिले की एखादी शक्यता हमखास निसटते. तक्त्यात मात्र तीन प्रश्न, प्रत्येकाची दोन उत्तरे, म्हणजे नेमक्या आठ ओळी. हिशेबनीसही त्या वाचून तपासू शकतो.

असे निर्णयाचे तक्ते लिहिण्यासाठी डीएमएन (डिसिजन मॉडेल अँड नोटेशन) हे मानक आहे. त्यात ‘युनिक’ पद्धत निवडावी: एका व्यवहाराला एकच ओळ लागू, दोन लागल्या तर चूक. ‘फर्स्ट’ पद्धतीत वरची ओळ जिंकते आणि खालची विसंगती झाकली जाते.

एवढ्यासाठी ड्रूल्ससारखे रूल इंजिन, म्हणजे नियम चालवणारे वेगळे सॉफ्टवेअर, लागत नाही, डेटाबेसमधला तक्ता पुरतो. शेकडो नियम एकमेकांवर अवलंबून असतील तेव्हा इंजिन घ्यावे; पण तिथे एक नियम दुसऱ्याला, दुसरा पुन्हा पहिल्याला चालवत बसण्याचा धोका असतो.

तक्ता बदलणे सोपे झाले म्हणून चाचणी टाळू नये. 7,500 आणि 7,500.01 रुपये, 21 आणि 22 सप्टेंबर, शिवाय त्या आठही ओळी प्रत्येक बदलानंतर चालवून पाहाव्यात. आणि प्रत्येक बिलासोबत तक्त्याची आवृत्ती नोंदवावी, म्हणजे दोन वर्षांनी ऑडिटमध्ये ‘हा दर कुठून आला’ याचे उत्तर लगेच देता येते.