लांबून फेकणं म्हणजे मटका?

"तीन गुणांच्या मागे लागणारा संघ म्हणजे नुसता मटका, लागला तर लागला. खरं बास्केटबॉल दोन गुणांचंच." अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलबद्दल हे वर्षानुवर्षं फिरतंय. माझा आवडता संघ यावरूनच बोलणी खातो, म्हणून हा खुलासा.

बास्केटभोवती आखलेल्या रेषेबाहेरून शॉट लागला तर तीन गुण, आतून लागला तर दोन. असं वाटणं साहजिक आहे. तीन गुणांचे बहुतेक प्रयत्न चुकतात, आणि चुकलेला चेंडूच लक्षात राहतो. पण चुका नको, गुण मोजू. 100पैकी 36 लागले तर 108 गुण. रेषेच्या आतून, मधल्या अंतरावरून 42 लागले तरी 84च. बरोबरीसाठी तिथून 54 लागायला हवेत. भल्याभल्यांना जमत नाही. समोरून रेषा 23 फूट 9 इंचांवर, कोपऱ्यात 22 फुटांवरच. तिच्यावर बुटाचं टोक टेकलं की तिनाचे दोन होतात, अंतर मात्र जवळपास तेवढंच!

बास्केटखालचा सोपा शॉट याहून फायद्याचा, हे खरंच. पण बचाव करणारे रेषेपर्यंत ओढले गेले की तीच वाट मोकळी होते. एखाद्या रात्री सगळंच हुकतं, तेही मान्य.

पडताळायचं तर कुठल्याही सामन्याचा बॉक्स स्कोअर, म्हणजे आकडेवारीचा तक्ता, उघडा. लागलेल्या सगळ्या शॉट्सची दुप्पट करा, त्यात तीन गुणांच्या शॉट्सची संख्या मिळवा. समजा, दोन्ही संघांचे प्रयत्न प्रत्येकी 90. एकाचे 40 लागले, त्यात तीन गुणांचे 5. दुसऱ्याचे 36, त्यात 16. फ्री थ्रो (फाऊलनंतर मिळणारे एका गुणाचे मोकळे शॉट) सोडून पहिल्याचे 85 गुण, दुसऱ्याचे 88.