ईजेनच्या विवरात वारा अंगावर घ्या

सह्याद्रीत भटकणाऱ्यांची एक सवय असते. वारा बोचायला लागला की खडकाआड एखादी खोलगट जागा बघायची आणि पाठ टेकायची. इंडोनेशियात, पूर्व जावातल्या कावाह ईजेन या ज्वालामुखीच्या विवरात नेमकं हेच करायचं नसतं.

चढाई जिथून सुरू होते त्या पाल्तुडिंगपासून विवराच्या कडेपर्यंत साधारण ३ किलोमीटरची चढण आहे. तिथून आत उतरणारी दगडी वाट अरुंद आणि निसरडी. याच वाटेने गंधकाचे कामगार कावडीत ७० ते ९० किलो ओझं घेऊन वर येतात. ते दिसले की डोंगराच्या अंगाला सरून उभं राहायचं, दरीच्या नव्हे.

बहुतेक जण मध्यरात्रीनंतर निघतात, कारण निळ्या ज्वाळा अंधारातच दिसतात. हा ‘निळा लाव्हा’ नाही. फटींतून बाहेर येणारे गंधकयुक्त तप्त वायू हवा लागताच पेटतात, इतकंच. पण गंधक जळलं की सल्फर डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे ज्वाळेच्या जितकं जवळ, तितकं वायूच्या उगमाशी. गरम असताना तो वाफेबरोबर वर जातो, निवला की खाली बसतो, कारण तो हवेपेक्षा सव्वादोनपट जड आहे. वारा पडलेल्या रात्री खळगे त्यानेच भरतात. म्हणून उभं राहायचं ते उंचवट्यावर, ज्वाळेकडे तोंड आणि वारा पाठीवर. वारा फिरून लोट अंगावर आलाच, तर खाली न बसता वाऱ्याला आडवं चालत बाहेर पडायचं.

साधा एन-९५ मास्क धूळ अडवतो, वायू नाही. सल्फर डायऑक्साइडसारख्या आम्लवायूंसाठीचं कार्ट्रिज, म्हणजे वायू गाळणारी डबी, असलेला मास्कच हवा. भाड्याने घेताना कार्ट्रिजची मुदत बघा. मग दोन्ही कार्ट्रिजवर तळवे दाबून श्वास आत ओढा: मास्क चेहऱ्याला चिकटला पाहिजे. दाढी असेल तर तो चिकटत नाही, तिथे दुसरा उपाय नाही. ओलं फडकं थोडा वायू विरघळवून घेतं. तात्पुरता आधार, मास्कला पर्याय नव्हे. कार्बन डायऑक्साइड मात्र यातलं काहीच अडवत नाही, आणि त्याला वासही नसतो. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास अचानक थांबला, तर हायसं वाटून घेऊ नका. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं.

तळाचं फिरोजी तळं फोटोत देखणं दिसतं. पण ते आम्लाचं आहे. पीएच जितका कमी, तितकं आम्ल तीव्र: लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास, या पाण्याचा ०.५ च्याही खाली गेलेला आहे. हात बुडवायचा नाही. मार्च २०१८ मध्ये इथून अचानक वायू उसळला, तेव्हा अनेकांना रुग्णालयात न्यावं लागलं आणि जवळपास दोनशे रहिवाशांना हलवावं लागलं. त्यामुळे निघण्याआधी ज्वालामुखीच्या इशाऱ्याची पातळी बघाच: नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास अशा चढत्या चार पायऱ्या आहेत. नॉर्मलच्या वर असेल, तर विवरात उतरायचा बेत सोडा.

कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा लावा. आणि चांदीची अंगठी, पैंजण, जोडवी खोलीवरच ठेवा. तिथल्या हवेत ती काळी पडतात.