लॅमिनिनचं स्टेनिंग केलंत, पण कुठल्या लॅमिनिनचं?

आधी सोपा घोळ उरकून टाकू. लॅमिन आणि लॅमिनिन. लॅमिन न्यूक्लियसच्या आतल्या अस्तरात असतं, लॅमिनिन पेशीच्या बाहेर बेसमेंट मेम्ब्रेनमध्ये, म्हणजे पेशींना टेकू देणाऱ्या पातळ थरात. घाईत अँटिबॉडी (ठरावीक प्रोटीनला चिकटून त्याची जागा स्लाइडवर दाखवणारा रेणू) ऑर्डर करताना एक 'नि' गळाला तर पहिल्याच स्लाइडवर प्रत्येक न्यूक्लियसभोवती सुंदर रिंग दिसते आणि चूक लगेच कळते. थोडं हसं होतं, आठवडा जातो, संपलं.

डोक्याला ताप देणारा घोळ वेगळाच आहे आणि तो स्लाइडवर दिसत नाही. पॅन-लॅमिनिनची, म्हणजे सगळी लॅमिनिन ओळखते असं म्हणवणारी अँटिबॉडी आणि एखाद्या ठरावीक चेनची, समजा अल्फा-२ ची अँटिबॉडी, या दोन्हींना लोक सरसकट 'अँटी-लॅमिनिन' म्हणतात, पेपरच्या मेथड्समध्येही तेवढंच लिहितात, आणि मग वाचणाऱ्याने काय ते ओळखायचं.

लॅमिनिन म्हणजे एक प्रोटीन नव्हे, अल्फा, बीटा, गॅमा अशा तीन चेन एकमेकींत गुंफून झालेला क्रॉस आहे. आपल्याकडे अल्फा ५, बीटा ४ आणि गॅमा ३ प्रकारच्या, म्हणून नावात तीन आकडे: २११ म्हणजे अल्फा-२, बीटा-१, गॅमा-१. १९७९ मध्ये ते पहिल्यांदा वेगळं केलं ते उंदराच्या ईएचएस नावाच्या ट्यूमरमधून, आणि ते होतं १११. बाजारातल्या बहुतेक जुन्या पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण असलेल्या) अँटिबॉडी याच १११ विरुद्ध बनवलेल्या असतात. म्हणजे त्या अल्फा-१, बीटा-१, गॅमा-१ ओळखतात. प्रौढ टिश्यूत अल्फा-१ मोजक्याच ठिकाणी असते, त्यामुळे तुम्हाला दिसणारा सिग्नल बहुतांशी बीटा-१ आणि गॅमा-१ चा. गॅमा-१ जवळपास सगळीकडे, म्हणून वाटतं की अँटिबॉडी सगळं लॅमिनिन पकडतेय. आडनावावरून माणूस शोधल्यासारखं आहे हे, घर सापडतं पण दार कोणी उघडलं ते कळत नाही. आणि 'पॅन' हा शब्दही तसा फसवाच. त्वचेतलं ३३२ घ्या, अल्फा-३, बीटा-३, गॅमा-२, १११ शी एकही चेन सामाईक नाही, तिथे या 'पॅन' अँटिबॉडीच्या भरवशावर राहू नका.

हे कुठे महागात पडतं ते स्नायूच्या बायोप्सीत बघा. प्रौढ स्नायूच्या फायबरभोवती मुख्यतः २११ असतं. लॅमा-२ जीनमधल्या दोषामुळे अल्फा-२ नसेल तर जन्मजात मस्क्युलर डिस्ट्रॉफी होते, पण तिथे अल्फा-४, अल्फा-५ वाढून जागा भरतात, गॅमा-१ जागेवरच राहते, आणि पॅन अँटिबॉडीने स्लाइड एकदम नॉर्मल दिसते! फरक बघायचा तर शेजारशेजारचे दोन सेक्शन, म्हणजे टिश्यूचे पातळ काप घ्या. नॉर्मल स्नायूत अल्फा-२ ने फक्त फायबरच्या कडा उजळतात, मधल्या केशवाहिन्या काळ्याच राहतात. पॅनने कडाही उजळतात आणि केशवाहिन्यांचे ठिपकेही. ते ठिपके दिसतायत आणि तुम्ही 'अल्फा-२ छान आहे' म्हणताय, तर बाटलीवरचं लेबल पुन्हा वाचा. पॅन टाकाऊ आहे असं नाही हं, मेम्ब्रेन शाबूत आहे का आणि सेक्शन बरा निघाला का, हे दाखवायला तीच हवी. फक्त तिला अल्फा-२ बद्दल विचारू नका.

अल्फा-२ मध्येही एक मेख आहे. ही चेन तुटून ३०० आणि ८० किलोडाल्टन वजनाचे दोन तुकडे होतात. आजार अर्धवट असेल तर ८० वाल्या तुकड्याची अँटिबॉडी कधी कधी जवळपास नॉर्मल दाखवते, ३०० वाली कमतरता जास्त चांगली पकडते. माझं मत विचाराल तर दोन्ही लावा, आणि एकच परवडत असेल तर ३०० वाली.

पेशी-कल्चरवाल्यांसाठी वेगळा फटका. पेशी ज्यात वाढवतात ते मॅट्रिजेल नावाचं जेलही त्याच ईएचएस ट्यूमरमधून येतं, त्यात लॅमिनिन ठासून भरलेलं. मी एकदा त्यात वाढवलेल्या मानवी ऑर्गनॉइड्सवर (छोट्या अवयवासारख्या पेशींच्या गोळ्यांवर) पॅन अँटिबॉडी लावून 'बघा, स्वतःची बेसमेंट मेम्ब्रेन बनवतायत' म्हणून दोन दिवस मिरवत होतो, उजळलं होतं ते जेल. नुसतं जेल स्टेन केल्यावर तोंड बंद झालं. तिथे मानवी चेन ओळखणारी आणि उंदराची न ओळखणारी क्लोनच, म्हणजे एकाच प्रकारची मोनोक्लोनल अँटिबॉडीच हवी.

आणि क्लोन म्हटलं म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. ४सी७ ही मोनोक्लोनल वर्षानुवर्षं अल्फा-१ ची म्हणून वापरली गेली, १९९७ मध्ये कळलं की ती अल्फा-५ ओळखते. म्हणजे त्याआधीच्या पेपरात ४सी७ च्या जोरावर 'प्रौढ मानवी टिश्यूत अल्फा-१ भरपूर' असं वाचलंत तर तिथे मनातल्या मनात ५ करून घ्या.

बाकी किरकोळ. पॅराफिन (मेणात बसवलेल्या) सेक्शनवर पॉलिक्लोनल चालत नसेल तर प्रोटीएज (प्रोटीन तोडणारं एन्झाइम) वापरून डायजेशन करून बघा, नुसत्या उकळण्याने बऱ्याचदा भागत नाही. मी शक्यतो फ्रोझनच वापरतो. वेस्टर्न ब्लॉटला (प्रोटीन जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून ओळखण्याची चाचणी) रिड्यूस न करता, म्हणजे चेनमधले बंध न तोडता, अख्खं लॅमिनिन जेलमध्ये नीट शिरतच नाही, १११ तर आठशेच्या वर किलोडाल्टन आहे.

आणि मेथड्समध्ये क्लोन, चेन आणि कशाविरुद्ध बनवली हे तिन्ही लिहा, 'अँटी-लॅमिनिन, १:२००' एवढंच दिसलं की रिव्ह्यूमध्ये माझा पहिला प्रश्न तोच असतो.