चार तासांचा हिशेब

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आठवडा उरला होता. माझ्या मावसबहिणीच्या सासरी, गोव्यात सत्तरीतल्या वाळपईला, माटोळीसाठी (गणपतीवर बांधायची रानफळांची आरास) रानातून काय काय आणायचं याची यादी चालली होती आणि त्याच दिवशी तिच्या हातात रिपोर्ट पडला. ३६वा आठवडा, पहिलं बाळंतपण. कागदावर ‘ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस’ आणि शेजारी ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’. सासूबाईंनी तो वाचला. या घरात बोलणं कोकणीत आणि वाचणं मराठीत, आपल्याकडच्या पुष्कळ घरांसारखंच. त्यांनी विचारलं, “तुजो तर ओ पॉझिटिव्ह न्हय गो?” सुनेचा रक्तगट बदलला की काय, ही त्यांची शंका.

हसू नका. मी फोंड्याला लॅबमध्ये जंतू वाढवायचं काम करते आणि हा प्रश्न खिडकीवर मी अनेकदा ऐकलेला आहे. ‘ग्रुप’, ‘बी’, ‘पॉझिटिव्ह’ हे तीन शब्द एका ओळीत आले की माणसाला रक्तगटच आठवणार.

बहिणीने त्याहून वाईट गोष्ट केली. तिने मोबाइलवर ‘जीबीएस’ एवढंच शोधलं. या जंतूला डॉक्टर थोडक्यात जीबीएस म्हणतात खरं, पण २०२५च्या जानेवारीत पुण्यात ज्या जीबीएसने रुग्णालयं भरली होती तो गियाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार. त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. तिला मात्र व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांच्या बातम्या दिसल्या आणि फोनवर ती रडत होती. म्हणून नावापासूनच सुरुवात करावी लागली.

हा जंतू पहिल्यांदा सापडला तो गाईंत. १८८७मध्ये फ्रान्समध्ये नोकार आणि मोलरो यांनी दुभत्या गाईंच्या कासदाहात तो पाहिला. कास सुजते, दूध आटतं, म्हणून शास्त्रीय नाव पडलं अ‍ॅगॅलॅक्टिए, म्हणजे ‘दूध नसलेला’. (बाईच्या दुधाशी या नावाचा संबंध नाही, हेही तिला सांगावं लागलं.) पुढे १९३३मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये रेबेका लान्सफिल्ड यांनी स्ट्रेप्टोकोकसच्या मोठ्या गोतावळ्याची वाटणी केली. प्रत्येक जंतूच्या कवचात कोणती साखर आहे ते पाहून ए, बी, सी असे कप्पे पाडले. ‘ग्रुप बी’ हे त्यातल्या दुसऱ्या कप्प्याचं नाव, इतकंच. दोनच वर्षांनी रोनाल्ड हेअर यांच्यासोबत काम करताना त्यांना तो बाळंतिणींच्या नमुन्यांत दिसला, आणि त्या बायका ठणठणीत होत्या. हा माणसाला काही करत नाही असंच तेव्हा वाटलं. १९३८मध्ये लंडनमध्ये फ्राय यांनी याच जंतूने दगावलेल्या तीन बाळंतिणींची नोंद केली आणि तो समज गेला. नवजात बाळांच्या बाबतीत त्याचं खरं रूप कळायला १९७०चं दशक उजाडलं. अमेरिकेत तेव्हा नवजातांच्या रक्तातल्या जंतुसंसर्गाचं प्रमुख कारण तो ठरला होता आणि लागण झालेल्या बाळांपैकी जवळपास निम्मी दगावत होती.

हे ऐकून बहीण आणखी घाबरली. म्हणून पुढचे आकडे सावकाश वाचा.

या जंतूचं मूळ घर आतडं. तिथून तो योनीमार्गात येतो, काही काळ राहतो, जातो, परत येतो. जगभर पाहिलं तर साधारण १०० गरोदर बायकांमागे १८ जणींच्या अंगावर तो असतो, दक्षिण आशियात त्याहून कमी. त्यांना ना खाज, ना ताप, ना दुखणं. हा लैंगिक आजार मानला जात नाही, नवऱ्याला तपासत बसायची गरज नाही आणि अस्वच्छतेचाही यात दोष नाही. काही उपचार न करता १००० पॉझिटिव्ह आयांचं बाळंतपण झालं, तर सुमारे ५०० बाळांच्या अंगावर जंतू येईल. त्यातली ९८-९९ टक्के बाळं तो अंगावर घेऊनही धडधाकट राहतील. उरलेल्या पाच ते दहा बाळांना पहिल्या आठवड्यात, बहुतेकदा पहिल्या २४ तासांतच, रक्तात, फुप्फुसात किंवा मेंदूच्या आवरणात संसर्ग होईल. ही सगळी धावपळ त्या पाच-दहा बाळांसाठी. कळा सुरू झाल्यावर आईच्या शिरेतून प्रतिजैविक दिलं तर धोका किती उतरतो? अमेरिकेतला हिशेब असा: उपचार न केल्यास २०० बाळांमागे एक, केल्यास ४००० मागे एक.

“मग आत्ताच गोळ्या घेऊन टाकते ना,” ती म्हणाली. प्रश्न रास्त आहे. जंतू आहे, औषध आहे, हातात महिना आहे. पण आज गोळ्यांनी योनीमार्गातले जंतू मेले तरी आतड्यातला साठा तसाच राहतो आणि प्रसूतीपर्यंत ते पुन्हा खाली उतरतात. म्हणजे आधी घेतलेला कोर्स वाया, वर पोटातल्या उपकारक जंतूंची नासाडी. याला एक अपवाद आहे. लघवीच्या तपासणीत हा जंतू भरपूर प्रमाणात सापडला किंवा लघवीला जळजळ असेल, तर तेव्हाच उपचार करतात. आणि लघवीत तो एकदा सापडला की कळांच्या वेळी औषध द्यायचंच, पुन्हा स्वॅब (कापसाच्या काडीवर घेतलेला नमुना) घेत बसत नाहीत.

तर औषध द्यायचं ते कळांच्या वेळी. बहुतेक ठिकाणी पेनिसिलिन किंवा अँपिसिलिन. अँपिसिलिन असेल तर पहिला डोस २ ग्रॅम, मग बाळ होईपर्यंत दर चार तासांनी १ ग्रॅम. पहिला डोस आणि बाळाचा जन्म यांत निदान चार तास जावेत असं म्हणतात. तेवढ्या वेळात औषध नाळेतून बाळाच्या रक्तात आणि गर्भजलात पुरेसं पोचतं आणि जन्ममार्गातली जंतूंची गर्दी ओसरते. ही गर्दी पहिल्या दोन तासांतच बरीच कमी होते, त्यामुळे डोस उशिरा मिळाला म्हणून तो वाया गेला असं अजिबात नाही. बाळावर नजर जरा जास्त ठेवतात, एवढंच.

माझ्या मते या रिपोर्टमधली गोव्याच्या माणसाने मनावर घ्यावी अशी गोष्ट हीच आहे, चार तास. आपल्याकडे जवळजवळ सगळी बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण घर आणि दवाखाना यांच्यामध्ये पावसातला रस्ता असतो. वाळपईहून बांबोळीचं मोठं सरकारी इस्पितळ म्हणजे कोरड्या दिवशीही तास-सव्वा तास. काणकोणहून त्याहून जास्त. शहरातली मैत्रीण सांगते, “कळा पाच-पाच मिनिटांवर आल्या की निघ.” हा सल्ला म्हापशात राहणारीला चालेल. सत्तरीतल्या पॉझिटिव्ह बाईने कळा नियमित झाल्याबरोबर डॉक्टरांना फोन करावा, आणि पाणमोट फुटली तर कळांची वाट न पाहता थेट निघावं, कारण पाणी गेल्यावर जंतूला वर चढायला दार मोकळं होतं. पहिलटकरणीला सहसा वेळ मिळतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कळा भराभर पुढे सरकतात, तेव्हा घरातून निघायची वेळ आणखी अलीकडे आणायची. गाडी कुणाची, रात्री कोण चालवणार, नाहीतर १०८, हे आधी ठरलेलं बरं. सिझेरियन ठरलेलं असेल, कळा सुरू झालेल्या नसतील आणि पाणमोट शाबूत असेल, तर या जंतूसाठी वेगळ्या डोसची गरज नसते.

रिपोर्टची प्रत बाळंतपणाच्या फाईलमध्ये सगळ्यात वर लावा. तपासणी एका दवाखान्यात, बाळंतपण दुसऱ्यात आणि रात्रपाळीला तिसरेच डॉक्टर, हे आपल्याकडे नेहमीचं. ज्यांना पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी ती आत्ताच सांगावी आणि नीट सांगावी. लहानपणी अंगावर चार पुरळ आले होते, की श्वास कोंडून तोंड सुजलं होतं? पहिल्या प्रकारात सेफाझोलिन देता येतं. दुसऱ्या प्रकारात तुमच्याच जंतूवर क्लिंडामायसिन चालतं का ते लॅबला आधी बघावं लागतं, नाही चाललं तर व्हँकोमायसिन. स्वॅब पाठवतानाच चिठ्ठीवर अ‍ॅलर्जीची नोंद असली की आमचं काम सोपं होतं. अ‍ॅलर्जी आहे असं सांगणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना तपासणीत ती नसतेच, हेही जाता जाता.

स्वॅब योनीच्या खालच्या भागातून आणि मग गुदद्वारातून घेतात. लाजेपायी दुसरी जागा टाळली तर काही पॉझिटिव्ह बायका निसटतात, कारण साठा तिथेच. लॅबमध्ये तो आधी खास रसात रात्रभर वाढवतात, मग रक्त घातलेल्या थाळीवर. ओळख पटवायची एक जुनी युक्ती मला फार आवडते. १९४४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या तिघा शास्त्रज्ञांनी ती दिली आणि त्यांच्या आडनावांवरून तिला कॅम्प टेस्ट म्हणतात. थाळीवर स्टॅफिलोकोकसची एक उभी रेघ ओढायची, तिच्याकडे जाणारी पण तिला न टेकणारी आपल्या जंतूची आडवी रेघ. दुसऱ्या दिवशी दोघांच्या मधल्या जागेतलं रक्त बाणाच्या टोकाच्या आकारात विरघळलेलं दिसतं. बाण दिसला की बहुधा ग्रुप बी.

ही तपासणी भारतात सरसकट होत नाही, ब्रिटनमध्येही नाही. अमेरिकेत २००२पासून प्रत्येकीची होते, आता ३६ ते ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर. आपल्याकडे नवजातांना गाठणारे जंतू बरेचदा वेगळे असतात, क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, ई-कोलाय. त्यामुळे स्वॅब झालाच नसेल तर डॉक्टर धोक्याच्या खुणांवर निर्णय घेतात: ३७ आठवड्यांआधी कळा, पाणी जाऊन १८ तास, आईला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, किंवा आधीच्या बाळाला हा आजार झालेला.

सासूबाईंचे दोन प्रश्न राहिले होते. हिने नेवऱ्या (करंज्या) भराव्यात का? भराव्यात, त्याला काही हरकत नाही. आणि मासे? यावर मात्र मला थांबावं लागलं. २०१५मध्ये सिंगापूरमध्ये गोड्या पाण्यातले कच्चे मासे खाऊन शंभराहून अधिक लोक याच जंतूच्या एका वंशाने आजारी पडले होते. पण आपण बांगडा कच्चा खात नाही. शिजलेली हुमण (माशांची आमटी) चालेल.

बाळ झाल्यावर दूध पाजायला काही हरकत नाही. पहिले दोन दिवस दवाखान्यात नजर ठेवतात. घरी आल्यावर आईने बघायचं ते असं: बाळ दूध सोडतंय का, उठवूनही जागं होत नाही का, कण्हत श्वास घेतंय का, मिनिटाला साठाहून जास्त श्वास आहेत का, अंग तापलंय किंवा उलट गार पडलंय का. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. कळांतल्या औषधाने पहिल्या आठवड्यातला आजार बहुतेक वेळा टळतो. त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत उद्भवू शकणारा उशिराचा प्रकार त्याने थांबत नाही, तो दुर्मीळ असला तरी. त्यासाठी आशा लशीची आहे. ज्या आयांच्या रक्तात या जंतूच्या आवरणाविरुद्ध प्रतिपिंडं कमी, त्यांच्या बाळांना धोका जास्त, हे कॅरल बेकर आणि डेनिस कॅस्पर यांनी १९७६मध्येच दाखवलं होतं. गरोदरपणात टोचायच्या लशींच्या चाचण्या चालू आहेत, बाजारात अजून एकही नाही.

बहिणीच्या कळा चवथीनंतर, रात्री दोनच्या सुमारास सुरू झाल्या. साडेतीनला ते पोचले, चारला पहिला डोस, आठला दुसरा, अकराच्या आसपास मुलगी. दारातच नर्सने फाईल मागितली तेव्हा फाईल गाडीत राहिली होती आणि नवरा गाडी लावायला गेला होता. सासूबाई पुढे झाल्या.

“हिका ग्रुप बी आसा,” त्या म्हणाल्या. “रगताचो न्हय, दुसरो.”