तीस टक्के ब्लॉकेज आणि हार्ट अटॅक

स्ट्रेस टेस्ट नॉर्मल, अँजिओग्राफीत जेमतेम ३० टक्के ब्लॉकेज, आणि काही महिन्यांत हार्ट अटॅक. असं होतं तेव्हा घरचे तपासणीला दोष देतात. पण स्ट्रेस टेस्ट रक्तपुरवठा कमी पडतोय का एवढंच सांगते आणि साधारण ७० टक्क्यांच्या आतले ब्लॉकेज तिच्यात सहसा सापडत नाहीत. अँजिओग्राफीत दिसते ती रक्त वाहण्याची पोकळी. चरबीचा थर, म्हणजे प्लाक, साठतो तो धमनीच्या भिंतीत.

प्लाक वाढू लागला की धमनी आधी बाहेरच्या बाजूला फुगते. थराने सुमारे ४० टक्के जागा व्यापेपर्यंत पोकळी अरुंद होत नाही, हे शिकागोच्या सेमूर ग्लॅगॉव्ह यांनी १९८७ मध्ये दाखवलं.

धोका ठरतो तो प्लाकच्या घडणीवरून. आत मऊ चरबीचा मोठा गाभा आणि वर ०.०६५ मिलिमीटरहून पातळ आवरण असेल, तर तो प्लाक नाजूक. सूज आणणाऱ्या पेशी आवरणातलं कोलॅजन, म्हणजे त्याला बळकटी देणारं प्रथिन, विरघळवत राहतात आणि ते बहुधा कडेला फाटतं. गाभा रक्ताच्या संपर्कात आला की काही मिनिटांत गुठळी धरते. हळूहळू ९० टक्के बंद झालेल्या धमनीच्या आसपास पर्यायी वाटा तयार व्हायला वेळ मिळालेला असतो. इथे तो मिळतच नाही.

अरुंदपणा आणि नाजूकपणा यांचा संबंध मात्र आहे. काही प्लाक गाजावाजा न होता फाटतात, भरून येतात, आणि प्रत्येक वेळी पोकळी थोडी आणखी आकसते. तरीही २०११ च्या प्रॉस्पेक्ट अभ्यासात स्टेंट न घातलेल्या ज्या जागांनी पुढे त्रास दिला, तिथे सुरुवातीचा अरुंदपणा सरासरी ३२ टक्केच होता. पण धमनीच्या आतून केलेल्या सोनोग्राफीत ७० टक्क्यांहून अधिक जागा प्लाकने भरलेली असणं ही धोक्याची ठळक खूण ठरली. म्हणून रिपोर्टमधल्या ‘मायनर ब्लॉकेज’ या शब्दांवर निर्धास्त होऊ नये.

अटॅक चालू असताना स्टेंट जीव वाचवतो. स्थिर रुग्णाची छातीतली कळही तो कमी करतो. पण २००७ च्या करेज चाचणीत औषधांच्या जोडीला स्टेंट घालूनही अशा रुग्णांमधले मृत्यू किंवा अटॅक कमी झाले नाहीत, कारण बाकीची धमनी तशीच राहते. कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध स्टॅटिन सगळ्याच धमन्यांवर काम करतं: गाभ्यातली चरबी घटते, आवरण जाड होतं. हृदयरुग्णांत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली, अनेकदा ५५ च्याही खाली ठेवतात. स्टॅटिन घेताना सीटी स्कॅनमधला कॅल्शियम स्कोअर, म्हणजे धमन्यांत साठलेल्या कॅल्शियमचा आकडा, वाढू शकतो. प्लाक घट्ट होत असल्याची ती खूण असू शकते. तो आकडा पाहून गोळी परस्पर बंद करू नका.