‘माय माय’ आधी की ‘हे हे’ आधी?

रॉक गायक नील यंगच्या चाहत्यांना आवडतं गाणं विचारलं की ‘हार्ट ऑफ गोल्ड’, ‘ओल्ड मॅन’, ‘हार्वेस्ट मून’ ही नावं ठरलेली. पण आणखी एक नाव हमखास निघतं आणि तिथे घोळ होतो. एक जण म्हणतो ‘हे हे, माय माय’, दुसरा म्हणतो ‘माय माय, हे हे’. ऐकणाऱ्याला वाटतं, यातल्या एकाची जीभ घसरली. तसं काही नसतं. ही दोन वेगळी गाणी आहेत, आणि दोन्ही एकाच अल्बमवर आहेत.

अल्बमचं नाव ‘रस्ट नेव्हर स्लीप्स’, साल १९७९. तबकडीची पहिली बाजू अकूस्टिक, म्हणजे विजेच्या गिटारीशिवायची, दुसरी क्रेझी हॉर्स या बँडबरोबरची, कानठळ्या बसवणारी. सुरुवात ‘माय माय, हे हे’नं होते, त्याचं उपशीर्षक ‘आउट ऑफ द ब्लू’. शेवट ‘हे हे, माय माय’नं, उपशीर्षक ‘इन्टू द ब्लॅक’. चाल तीच, गिटारवरची सुरुवातीची ओळखीची सुरावटही तीच.

लक्षात ठेवायला मराठी माणसाला एक सोय आहे. ‘माय’ आधी आली तर गाणं शांत. ‘हे’ आधी आलं, म्हणजे कुणीतरी हाक मारतंय, ते गोंगाटाचं. इंग्रजी चाहत्यांना ही युक्ती उपलब्ध नाही, बिचारे अजून चुकतात.

शांत गाण्यात यंग एकटाच आहे. हातात साधी गिटार, गळ्यात अडकवलेला हार्मोनिका. मे १९७८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘बोर्डिंग हाउस’ या छोट्या जागी तो एकट्यानं कार्यक्रम करत होता, तिथलं हे ध्वनिमुद्रण. गोंगाटाचं गाणं त्याच वर्षीच्या शरद ऋतूतल्या दौऱ्यातलं. तिथे त्याच्या हातात ‘ओल्ड ब्लॅक’ आहे, म्हणजे १९५३ सालची काळी रंगवलेली ‘लेस पॉल’ नावाची इलेक्ट्रिक गिटार, आणि आवाज इतका फाटलेला की सूर आणि घरघर वेगळे काढता येत नाहीत. दोन्ही मुद्रणं मुळात लोकांसमोरची, पण अल्बमवर घेताना श्रोत्यांचा आवाज बराचसा पुसून काढला आहे. म्हणून पुष्कळांना ती स्टुडिओतली वाटतात.

इथवरचा फरक पहिल्या दहा सेकंदांत कुणालाही कळतो. खरी गंमत शब्दांत आहे, आणि ती मात्र वर्षानुवर्षं ऐकणाऱ्यांच्याही हातून निसटते.

या जोडीतली जगभर उद्धृत होणारी ओळ म्हणजे ‘मंद होत विझण्यापेक्षा एकदम भडकून जळून गेलेलं बरं’. बहुतेकांच्या मनात ती त्या कर्कश गिटारसकट बसलेली असते, कारण ओळीचा आवेशच तसा आहे. पण ती गोंगाटाच्या गाण्यात नाहीच! ती आहे शांत गाण्यात, पहिल्याच कडव्यात, जवळजवळ पुटपुटल्यासारखी.

पुढे येणारं एक कडवं दोन्हीकडे आहे. ‘राजा गेला, पण विस्मरणात गेला नाही.’ हा राजा एल्व्हिस प्रेस्ली मानला जातो. तो ऑगस्ट १९७७मध्ये गेला होता. त्याला लागून येतो सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा गायक जॉनी रॉटन. जानेवारी १९७८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्याच एका कार्यक्रमानंतर तो बँड फुटला. शांत गाण्यात यंग ठामपणे म्हणतो, ही एका जॉनी रॉटनची गोष्ट आहे. गोंगाटाच्या गाण्यात तेच वाक्य प्रश्न होऊन येतं: ही जॉनी रॉटनची गोष्ट आहे का? हळू आवाजात खात्री आणि ओरडताना शंका. मला विचाराल तर दोन गाण्यांतला सगळ्यात मोठा फरक हाच.

त्यानंतरची ओळही बदलते. शांत गाण्यात ‘गंजण्यापेक्षा जळून जाणं बरं’. इथे आपल्याला शाळेच्या भिंतीवरचा सुविचार आठवतो, ‘गंजण्यापेक्षा झिजणे बरे’. पण आपल्या सुविचारातलं झिजणं चंदनासारखं, सावकाश, दुसऱ्याच्या कामी येणारं आहे. या ओळीतल्या जळण्याला तसा काही उपयोग नाही, घाईही फार आहे. ही ओळ जेफ ब्लॅकबर्नची मानली जाते. १९७७च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझच्या बारमध्ये ‘द डक्स’ नावाचा बँड वाजवायचा, त्यात यंग आणि तो एकत्र होते. शांत गाण्याच्या श्रेयात त्याचं नाव आहे, गोंगाटाच्या गाण्यावर एकट्या यंगचं.

गोंगाटाच्या गाण्यात मात्र ती ओळ होते ‘जळून जाणंच बरं, कारण गंज कधी झोपत नाही’. ‘गंज झोपत नाही’ हे शब्द डेव्हो या बँडकडून आले. यंगच्या ‘ह्युमन हायवे’ या चित्रपटासाठी त्यांनी हे गाणं त्याच्याबरोबर वाजवलं, तेव्हा गायक मार्क मदर्सबॉनं ते मध्येच घुसवले. मूळ जाहिरातीतलं, गंज रोखणाऱ्या रंगाच्या. यंगला ते इतकं भावलं की अख्ख्या अल्बमला तेच नाव मिळालं.

बीटल्सच्या जॉन लेननला मंद होत विझण्यापेक्षा जळून जाण्याची ती पहिली ओळ अजिबात पटली नव्हती. १९८०च्या मुलाखतीत त्यानं म्हातारा सैनिक जसा हळूहळू दिसेनासा होतो तसं जाणंच बरं, असं सांगितलं. १९९४मध्ये ‘निर्वाणा’ बँडच्या कर्ट कोबेननं आत्महत्येपूर्वी लिहून ठेवलेल्या चिठ्ठीत हीच ओळ निघाली आणि यंग हादरला. तेव्हापासून या गाण्यावर बोलणं निघालं की ती ओळ येतेच. दुसरी एक ओळ मात्र कुणी काढत नाही. एकदा गेलात की परत येता येत नाही, असं ती सांगते, आणि किंचित फरकानं ती दोन्ही गाण्यांत आहे.

अशी जोडी यंगनं आणखीही लावली आहे. १९७५च्या ‘टुनाइट्स द नाइट’च्या दोन्ही टोकांना तेच गाणं आहे. १९८९च्या ‘फ्रीडम’मध्ये ‘रॉकिंग इन द फ्री वर्ल्ड’ सुरुवातीला अकूस्टिक, शेवटी इलेक्ट्रिक. पण तिथे नाव उलटं केलेलं नाही, त्यामुळे वादही होत नाहीत.

फरक तपासायचा म्हणून दोन्ही गाणी लागोपाठ लावाल, तेव्हा मधली सात गाळू नका. ‘पावडरफिंगर’ त्यांतच आहे, आणि माझ्या यादीत ते या दोघांच्याही वर आहे.