रानात उतरणे (ग्लायडर उड्डाण)

ठरलेल्या धावपट्टीपर्यंत न पोहोचता वाटेतल्या मोकळ्या शेतात ग्लायडर उतरवणे. वैमानिकांच्या बोलीत ‘आउटलँडिंग’. हा अपघात नव्हे. ग्लायडरला इंजिन नसते. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेत, म्हणजे थर्मलमध्ये, गिरक्या घेत तो उंची कमावतो आणि ती खर्चत पुढे जातो. १ मी. उंचीत ४० मी. अंतर कापणारा ग्लायडर शांत हवेत १,००० मी. वरून ४० कि.मी. जातो; समोरचा वारा किंवा खाली बसणारी हवा लागली, तर कधी त्याच्या निम्मेही नाही. पुढचे थर्मल हुकले की रान शोधावे लागते. अशा उतरण्यांचे किस्से पुढे रंगवून सांगितले जातात. पण किस्सा हसण्याजोगा होणार की हाडे मोडणारा, हे बहुधा जमिनीपासून ४५० मी. वरच ठरते.

६०० मी. वर आले की पल्ल्याचा नाद सोडून उतरण्याजोगा टापू निवडायचा, ४५० मी. वर एकच शेत नक्की करायचे आणि ३०० मी. वर उतरण्याची फेरी सुरू करायची. त्यानंतर कितीही जोरदार थर्मल लागले तरी मोहात पडायचे नाही. कमी उंचीवर, कमी वेगात घेतलेली तीव्र गिरकी हे जीवघेण्या अपघातांचे जुने कारण आहे. या उंच्या पायाखालच्या जमिनीपासूनच्या, उंचीमापकावरच्या नव्हेत. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मी., तर पुणे सुमारे ५६० मी. उंच, सोलापुरात शून्यावर लावलेला उंचीमापक पुण्याकडे जाता जाता १०० मी. खोटी उंची दाखवू लागतो.

सोलापूरच्या बाजूला मार्च ते मे हा काळ सोयीचा. रब्बीची मालदांडी ज्वारी निघालेली असते, रान मोकळे असते आणि थर्मलही जोमात असतात. वावटळ आणि घिरट्या घालणाऱ्या घारी त्यांचा पत्ता देतात. सर्वांत चांगले म्हणजे कुळवलेले, सपाट रान. नांगरटीची ढेकळे चाक अडवतात, म्हणून नांगरलेल्यात उतरावेच लागले तर तासाच्या, म्हणजे नांगराच्या चरीच्या, दिशेने. काळ्या रानाच्या भेगा वरून दिसतात त्याहून रुंद निघतात. ज्वारी उभी असेल तर पंखाचे टोक ताटांत अडकते, ग्लायडर गर्रकन फिरतो आणि शेपटाचा दांडा मोडतो. उसाचा फड वरून हिरव्या गालिच्यासारखा दिसतो, तो मोह टाळावा. द्राक्षबागेचा विचारही नको. तिथे खांब आणि तारा आहेत. नान्नजचे माळरान वरून आयते मैदान वाटते, पण ते माळढोकाचे अभयारण्य आहे आणि गवतात दगड असतात. होटगी रस्त्यावरचा विमानतळ आवाक्यात असेल, तर रेडिओवर परवानगी मागून तिकडेच जावे.

तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. विहीर आणि रस्ता यांच्यामध्ये तार आहेच असे धरून चालावे. वाऱ्याची दिशा धुरावरून, ट्रॅक्टरमागच्या धुळीवरून किंवा शेततळ्यावरच्या लाटांवरून कळते. उतार स्पष्ट असेल तर वारा पाठीमागून असला तरी चढाकडेच उतरतात. शेताच्या तोंडाशी झाड असेल तर त्याच्या उंचीच्या दहापट लांबी वाया गेली असे समजतात: १२ मी. कडुलिंबासाठी १२० मी. टेकताना वेग ताशी ७० ऐवजी ८० कि.मी. असला तर जिरवायची ऊर्जा सुमारे ३० टक्के वाढते. बांध ओलांडून शेजाऱ्याच्या शेतात जाणारे ग्लायडर बहुधा या जास्तीच्या दहा कि.मी.चे बळी असतात.

चाक थांबले की पाच-दहा मिनिटांत गाव जमते. ‘इंजन कुठं पडलं?’ हा पहिला प्रश्न. ‘विमान पडलं’ ही बातमी तोवर पुढच्या गावी पोहोचलेली असते, म्हणून पोलीस पाटलाला आपणच आधी फोन करणे बरे. गर्दीतल्या दोन वडीलधाऱ्यांवर राखणीची जबाबदारी सोपवावी. त्यांचा दरारा दोरीपेक्षा चांगला चालतो. मुले हमखास शेपटाच्या हलत्या फळ्यांना लोंबकळतात, आणि तेच भाग सर्वांत नाजूक. जुन्या ग्लायडरचे डोप (कापड ताणून धरणारे रोगण) लावलेले कापड गुरे चाटतात, चावतातही. वैमानिकाच्या बैठकीवरचे पारदर्शक झाकण उन्हात उघडे ठेवू नये. ते भिंगासारखे काम करते आणि आतली गादी जळते. झाकायला सोलापुरी चादर पुढे केली जाते, पण धुळीसकट घासली तर झाकणाच्या पर्स्पेक्सवर (पारदर्शक प्लॅस्टिकवर) ओरखडे उठतात. स्वच्छ मऊ धोतर बरे. वाऱ्याकडचा पंख खाली टेकवून त्यावर मातीने भरलेले खताचे पोते ठेवतात. पिकाचे नुकसान झाले असेल तर शेतमालकाशी भरपाईचे तिथेच बोलून घ्यावे, चहा येण्याआधी.

ग्लायडर सुटा करायला तीन-चार माणसे लागतात. आधी आडवे शेपूट काढतात, मग पंख: एक जण टोकाला, एक मुळाशी, एक धडाशी. १५ मी. पसाऱ्याच्या ग्लायडरचा एकेक पंख ६०-७० किलोच्या आसपास भरतो. ट्रेलर आठ-नऊ मीटरचा, त्यामुळे पाणंदीत शिरण्याआधी तो वळवायला जागा कुठे आहे हे चालत जाऊन पाहावे. अवकाळीची सर आली तर काळ्या रानात चाक रुतते. भारतात बनलेल्या काही ग्लायडरांना रोहिणी, मृगशीर, आर्द्रा अशी पावसाळी नक्षत्रांची नावे होती, पण पावसाशी त्यांचे कधी जमले नाही. अशा वेळी सुटे भाग झाकून बांधावर ठेवतात आणि वाफसा आल्यावर ट्रेलर आणतात.